तोडणकरकाकांची वार्षिक परीक्षा

तोडणकरकाकांशी भांडायला मला पहिल्यांदा पाठवलं ते त्यांच्या बायकोनेच.

आम्ही परळची खोली सोडून मिरा रोडजवळच्या गोडदेवला नुकतेच राहायला आलो होतो. सामान अजून खोक्यांतच होतं. एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या सुमनकाकू खाली आल्या आणि शेजारणीकडे विरजण मागावं इतक्या सहजपणे म्हणाल्या, "वर्षा, तू शाळेत शिकवतेस ना? म्हणजे आवाज चढवता येत असेल तुला. जरा वर येऊन ह्यांच्याशी भांडशील का? थोडंसंच."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

"अगं, ऑर्डर अडकलीय," काकू म्हणाल्या. "हे पोर्ट्रेट काढतात. पण कुणाशी तरी कडाक्याचं भांडण झाल्याशिवाय ह्यांचा हात चालत नाही. वॉचमन गावाला गेलाय. समोरचे हसमुखभाई यात्रेला गेलेत. तेव्हापासून हे नुसते पेन्सिली तासत बसलेत."

"मग तुम्हीच भांडा ना."

"माझ्या भांडणाने काही होत नाही. त्यांना सवय झालीय माझी."

"पण भांडू कशावरून?"

"पाण्यावरून भांड. आपल्याकडे पाण्याचा विषय कधीही चालतो."

मी गेले. दारात चट्टेरी लुंगी नेसलेले, किडकिडीत, कानावर पेन्सिल खोचलेले गृहस्थ उभे होते. मी म्हटलं, "तुमच्या टाकीचं पाणी ओव्हरफ्लो होऊन आमच्या गॅलरीत पडतंय."

"ओव्हरफ्लो?" काका शांतपणे म्हणाले. "बाई, या बिल्डिंगमध्ये आंघोळीपुरतं पाणी वर चढत नाही आणि तुमच्याकडे ओव्हरफ्लो होतंय?"

इथून सुरुवात झाली. मी खोटंखोटं भांडत होते, पण काका म्हणाले की नवीन आलेले लोक नळाला चोरून पंप लावतात आणि वर साळसूदपणे तक्रारी करतात. मग मात्र मला खरंच राग आला. आम्ही परळच्या माणसांच्या संस्कारांवर गेलो, रत्नागिरीच्या माणसांच्या खवचटपणावर गेलो, शिक्षकांच्या सुट्ट्यांवर आलो. आणि एका वाक्याच्या अर्ध्यातच काका थांबले, वळले, ब्रश उचलला आणि कॅनव्हाससमोर जाऊन उभे राहिले. मी तिथे आहे हेसुद्धा ते विसरले. काकूंनी माझ्या हातात नारळाच्या वड्यांची वाटी ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "छान भांडलीस हो."

ही भांडायची सवय त्यांना कामावरच लागली होती. काका मूळचे रत्नागिरीकडचे. पोरवयात मुंबईला आले आणि सिनेमाचे मोठमोठे बोर्ड रंगवणाऱ्या कारखान्यात लागले. तिथले उस्ताद रोज सकाळी आल्या आल्या प्रत्येकाला शिव्या घालत. मगच ब्रश हातात घ्यायचा, अशी रीतच होती. "उस्तादने आईबाप काढले की अंगात करंट यायचा," काका सांगत. "मग हिरोची भुवई एका फटकाऱ्यात." उस्ताद वारले. पुढे फ्लेक्सचं मशीन आलं आणि कारखानाही बंद पडला. अंगात राहिली ती सवय. काका घरी बसून माणसांची पोर्ट्रेट काढायला लागले. बहुतेक करून वारलेल्यांची, अधूनमधून पुढाऱ्यांची. आणि आमच्या बिल्डिंगला रोज सकाळी उस्तादची जागा भरून काढायला लागायची. दूधवाला, केबलवाला, पेपरवाला, सगळ्यांना हे ठाऊक होतं. जिन्यात आरडाओरडा ऐकू आला की लोक म्हणत, "काकांना ऑर्डर आली वाटतं." कुणी मनाला लावून घेत नसे. पेपरवाला तर एखादे दिवशी काका त्याला काहीच बोलले नाहीत की हिरमुसायचा.

दुसरी सवय लांबून बघायची. बोर्ड रंगवणाऱ्याला आपलं काम रस्त्यापलीकडून बघावं लागतं. "हिरोच्या नाकपुडीशेजारी बसून मी डबा खाल्लाय," काका म्हणायचे. "तिथून ते नाक आहे की गुहा आहे, कळत नाही." आता इथे वन रूम किचनमध्ये लांब जाणार कुठे? काका चित्रावर नजर ठेवून मागे मागे सरकत. दारातून बाहेर, पॅसेजमधून पलीकडे, हसमुखभाईंच्या उघड्या दारातून आत आणि थेट त्यांच्या किचनमध्ये. हसमुखभाई आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, स्टीलच्या भांड्यांचा धंदा करायचे. त्यांच्या फ्रिज आणि पिठाच्या डब्याच्या मधली जागा ही काकांची हक्काची जागा होती. तिथे उभं राहून ते एक डोळा मिटून दोन्ही दारांतून आपल्या चित्राकडे बघत. उर्मिलाबेन तव्यावर खाखरा दाबत मान न वळवता विचारायच्या, "बराबर?"

"डावा डोळा खाली आलाय."

"तो ऊपर करो ने."

काका जाऊन डोळा वर करून यायचे. एकदा बघताबघता त्यांनी ताटलीतला गरम खाखरा उचलून खाल्ला, आणि तो खाल्ल्याचं त्यांना कळलंही नाही. तेव्हापासून उर्मिलाबेन त्या जागेजवळ एक खाखरा वेगळा काढून ठेवायला लागल्या.

काकांकडे ऑर्डर घेऊन येणाऱ्या माणसांना ते एकच प्रश्न विचारत, "माणूस कसा होता?" आणि लोक खोटं बोलायला लागत. सगळ्यांचे वडील देवमाणूस असत. काका मान डोलवत ऐकून घेत आणि फोटोकडे बघत राहत.

एकदा जवळच्याच इंद्रलोक वस्तीतून एक बाई आपल्या सासूबाईंना घेऊन आल्या. नवरा वारला होता. फोटो म्हणून आणला होता तो रेशनकार्डासाठी काढलेला, आणि त्यात तो गृहस्थ फोटोग्राफरने आपलं काहीतरी चोरलं असावं तसा बघत होता. बाई म्हणाल्या, "चित्रात जरा हसू दाखवाल का?"

सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा हसायचा नाही. आहे तसा काढा."

"आता तरी हसू देत ना, आई. रोज समोर भिंतीवर बघायचंय."

काका दोघींकडे बघत होते. म्हणाले, "वहिनी, नाही केलेलं हसू मला काढता यायचं नाही. कधीच हसले नाहीत का? आठवा बरं."

बाईंनी बराच वेळ आठवलं. मग म्हणाल्या, "एकदा. गॅस संपला होता, पाहुणे यायचे होते. आणि नंबर लावलेला सिलिंडर त्याच दिवशी आला. तेव्हा दारात उभे राहून हसले होते."

"कसे? दात दाखवून?"

"नाही. ओठ मिटलेलेच. पण गाल वर गेले होते. आणि माझ्याकडे बघत होते."

काकांनी ते हसू काढायला खूप दिवस घेतले. त्या हसण्यापायी आम्ही सगळे आळीपाळीने भांडलो. चित्र न्यायला दोघी आल्या तेव्हा मी तिथेच होते. सासूबाईंनी चष्मा पुसून चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं आणि म्हणाल्या, "आज काय झालंय याला?"

बाई म्हणाल्या, "सिलिंडर आलाय, आई."

मग दोघी एकमेकींकडे न बघता पदराने डोळे पुसायला लागल्या. काका चटकन उठून हसमुखभाईंच्या किचनमध्ये गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

असं काम करणारा माणूस स्वतःवर कधी खूश नव्हता. आपण सुधारतोय की नाही, याची त्यांना कायम धाकधूक. त्यासाठी त्यांनी स्वतःची एक वार्षिक परीक्षा ठेवली होती. दर फाल्गुनात ते सुमनकाकूंना समोर बसवून त्यांचं एक पोर्ट्रेट काढत. काकू मेथी निवडत बसायच्या.

"हलू नकोस."

"मग मेथी तुम्ही निवडा."

"नाक जरा इकडे."

"नाक आहे तिथेच आहे."

खरी अडचण त्या नाकाचीच होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्यामुळे काकूंचं नाक मध्येच किंचित वळलं होतं. काकांचा सगळा जन्म सरळ नाकं काढण्यात गेलेला. "असलं नाक एकाही हिरॉईनला नव्हतं," ते वैतागून म्हणत, आणि दर वर्षी नव्याने त्या नाकाच्या मागे लागत. काकूंनी मात्र आपलं एकही चित्र कधी नीट पाहिलं नव्हतं. "माझ्याकडे आरसा आहे," म्हणायच्या.

पाडव्याला गुढी उभारली की काका आजवरची सगळी पोर्ट्रेट पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवत. सालं मागच्या बाजूला लिहिलेली, त्यावर कागद चिकटवलेला. मग ते जिन्यावर पाठ करून बसत आणि बिल्डिंगने ती चित्रं जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने लावायची. "लाईन बरोबर लागली म्हणजे मी दर वर्षी सुधारतोय," काकांचा हिशेब असा. "चुकली तर सगळे रंग नेऊन खाडीत टाकीन."

लाईन दर वर्षी बरोबर लागायची. काका उठून एकेका चित्रामागचा कागद काढून बघत, आणि शेवटच्या चित्राशी आले की म्हणत, "म्हणजे यंदाही थोडा पुढे सरकलो." मग स्वतःच्या हाताने सगळ्यांना श्रीखंड वाढत. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहावंसं वाटे.

आता लाईन बरोबर का लागायची, हेही सांगायला हवं. आमच्या बिल्डिंगमध्ये चित्रातलं कुणालाही काही कळत नव्हतं. पण काकूंचे केस दर वर्षी थोडे थोडे पांढरे होत होते. हसमुखभाईंनी ही गोष्ट पहिल्यांदा हेरली. काकांची पाठ वळली की ते सगळ्यांच्या कानात कुजबुजत, "व्हाइट देखो, व्हाइट." व्हाइट कमी ती जुनी, व्हाइट जास्त ती नवी. पोराटोरांनाही जमायचं.

आणि मग एका वर्षी काकूंच्या भाचीचं चिपळूणला लग्न निघालं. त्यासाठी काकू पार्लरमध्ये जाऊन केस काळेभोर करून आल्या. काका समोर असेल ते काढणारे. त्यांनी काळे केस काढले.

पाडव्याला हसमुखभाईंनी नेहमीच्या आत्मविश्वासाने लाईन लावली. त्या वर्षीचं चित्र सगळ्यांत पहिल्या जागी गेलं. मी कपाळाला हात लावला, पण तोवर काका वळले होते. त्यांनी पहिल्या चित्रामागचा कागद काढला. पुन्हा पुढून पाहिलं, पुन्हा मागून पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

एवढंच. श्रीखंड त्यांनीच वाढलं. त्या दिवशी दुसऱ्यांदा कुणीच घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काका भांडायचे थांबले. वॉचमनने पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला उशीर केला, तर म्हणाले, "असू दे, होतं असं." पेपर भिजून आला, तो त्यांनी गॅलरीत वाळत घातला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हसमुखभाईंनी मेंटेनन्स वाढवायचा विषय भीत भीत काढला, तर काकांनी पहिला हात वर केला. हसमुखभाई घाबरले. त्यांनी मुद्दाम आपली स्कूटर जिन्याच्या तोंडाशी आडवी लावून ठेवली. काका आले, लुंगी सावरून स्कूटर ओलांडली आणि वर निघून गेले. ब्रश वाळून कडक झाले. एका कुटुंबाचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, त्यांचे वडील अर्धेच होऊन पडले होते, म्हणजे कपाळ आणि एक कान. काका खाली पंपाजवळच्या बाकावर बसून बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर गुडघ्यांविषयी बोलायला लागले. हे गुडघ्यांचं ऐकून मात्र काकू रडल्या.

उर्मिलाबेनच्या किचनमध्ये आम्ही सगळे जमलो. केसांचं खरं सांगावं तर इतक्या वर्षांचे निकाल खोटे ठरणार. न सांगावं तर माणूस असाच वाळून जाणार. हसमुखभाई म्हणाले, "सच बोला तो गया, नहीं बोला तो भी गया." शेवटी असं ठरलं की सांगायचं, आणि मी शिक्षिका असल्यामुळे मीच सांगायचं.

आम्ही मिळून त्यांच्याकडे गेलो. मी आडून आडून सुरुवात केली, "काका, परीक्षेत कधी कधी प्रश्नच चुकीचा निघतो."

"विद्यार्थी हुशार नसला की चांगल्या बाई असंच म्हणतात," काका म्हणाले.

"तसं नाही काका. म्हणजे तपासणाऱ्यांनाच जर विषय येत नसेल..."

तेवढ्यात काकू आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "अहो, केस. हे लोक माझे केस बघून लाईन लावतात. पांढरे कमी ते जुनं, पांढरे जास्त ते नवं. यंदा मी रंगवले."

काका काकूंच्या केसांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही श्रीखंड वाढत होतात," काकू म्हणाल्या. "वर्षातून एक दिवस स्वतःवर खूश असायचात. कशाला सांगू?"

काका हळूहळू हसमुखभाईंकडे वळले. "केस बघत होतात? रात्र रात्र जागून मी हिच्या गालाची सावली काढतोय आणि तुम्ही केस बघताय?"

"तोडणकरभाई, आम्ही भांडीवाला माणूस, आम्हाला सावली काय समजते?"

आणि भांडण पेटलं. केसांवरून ते वाढवलेल्या मेंटेनन्सवर गेलं, तिथून स्कूटरवर, तिथून व्हॉल्व्हवर. हसमुखभाईंचाही बांध फुटला. "एवढा वर्ष माझ्या किचनमध्ये उभा राहतोस, मी कधी भाडा मागितला?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "तुझ्या किचनमध्ये फ्रिज सोडून बघण्यासारखं आहे काय?" सगळी बिल्डिंग जिन्यात येऊन उभी राहिली. पेपरवाला आपलं काम सोडून कठड्याला टेकला. उर्मिलाबेननी दोघांसाठी पाण्याचे तांबे आणून ठेवले. आणि 'तुमच्या त्या खाखऱ्यात मीठ' इथपर्यंत आलेलं वाक्य तसंच टाकून काका थांबले, वळले आणि आत गेले. टर्पेंटाईनचा वास पॅसेजभर पसरला. उर्मिलाबेन मुकाट्याने घरी गेल्या, दार सताड उघडलं आणि पिठाचा डबा थोडा बाजूला सरकवला.

वर्षश्राद्धाचे वडील वेळेवर पूर्ण झाले.

पुढच्या पाडव्याला काका तयारीत होते. त्यांनी प्रत्येक चित्रातल्या केसांवर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला होता. ओळीने बसलेल्या सगळ्या सुमनकाकूंच्या डोक्यावर बातम्या होत्या. एकीच्या कपाळावर सोन्याचा भाव, एकीच्या डोक्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा घेणारा कुणी भावी नगरसेवक. काका जिन्यावर पाठ करून बसले आणि म्हणाले, "लावा आता."

हसमुखभाई हळूच म्हणाले, "अब पेपर सच में टफ है."

आम्ही पहिल्यांदाच ती चित्रं खरोखर पाहिली. उन्हं पॅसेजमध्ये आली तरी एकमत होईना. उर्मिलाबेन आपल्या किचनमधून बघून एक क्रम सांगायच्या, मी दुसरा सांगायचे. चित्रं इकडची तिकडे होत होती. श्रीखंड पातळ व्हायला लागलं. जिन्यावरची पाठ एकदाही वळली नाही, पण ती पाठ ताठ होत चाललेली दिसत होती.

शेवटी काका पाठमोरेच म्हणाले, "सुमन, तू बघ."

काकू हात पुसत आल्या. "मला काय कळतंय?"

"तरी बघ."

त्या एकेका चित्रासमोर वाकून बघायला लागल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. शेवटपर्यंत जाऊन त्या परत आल्या. त्यांनी ओळीतून दोन चित्रं उचलली आणि बाजूला ठेवली.

"लाईन मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण या दोनांत मी आहे."

"आणि बाकीच्यांत?"

"बाकीच्यांत नाक आहे."

काका वळले. त्यांनी दोन्ही चित्रांमागचे कागद काढले. एक होतं अगदी पहिलं. बोर्ड रंगवणं सुटल्यावर लहान चेहरा कसा धरायचा तेही येत नव्हतं तेव्हाचं, वेडंवाकडं. दुसरं यंदाचं, अगदी ताजं. काका दोन्हींच्या मध्ये फरशीवर बसले. मला वाटलं, आता पुन्हा पंपाजवळचा बाक.

"म्हणजे मधली एवढी वर्षं?" त्यांनी विचारलं.

"नाकात गेली," काकू म्हणाल्या. मग त्यांच्याकडे बघून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "पण परत आलात ना. उठा आता, श्रीखंडाचं पाणी होतंय."

त्यानंतर लाईन लावणं बंद झालं. पाडव्याला काका नवं चित्र काकूंसमोर धरत आणि फक्त विचारत, "आहेस?" काकू बघून 'आहे' किंवा 'नाही' म्हणत. 'नाही'च्या दिवशीही श्रीखंड मिळायचं, पण ते काकू वाढायच्या.

पुढे माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही ठाण्याला गेलो. गोडदेवला जाणं कमी होत होत थांबलं.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते मिरा रोडला. रस्ता खणून ठेवला होता, एकाच बाजूने सगळी वाहनं चालली होती, आणि माझी बस अडकून पडली होती. शेजारच्या रिक्षात काका बसले होते. आणखी वाळलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. त्यांच्या शेजारच्या सीटवर कुणा अनोळखी म्हाताऱ्या बाईचं पोर्ट्रेट उभं केलं होतं, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोघं कुणाकडे तरी जेवायला निघाल्यासारखी दिसत होती. रंग बहुतेक ओला असावा, कारण काकांनी चित्र एका हाताने फक्त कडेला धरलं होतं.

मी हाक मारणार, तेवढ्यात समोरून खडीचा डंपर आला आणि धुळीचा लोट उठला. काकांनी दुसरा हात पटकन त्या बाईच्या चेहऱ्यासमोर धरला, रंगाला लागणार नाही असा, जराशा अंतरावर. स्वतःचा चेहरा त्यांनी तसाच उघडा ठेवला. धूळ खाली बसली तेव्हा त्यांच्या भुवया, मिश्या, शर्ट, सगळं पांढरं झालं होतं. त्यांनी हात बाजूला घेतला, वाकून त्या बाईच्या कपाळावर हळूच फुंकर मारली, कुंकू नीट आहे ना ते पाहिलं. आणि मग खिशातून रुमाल काढून स्वतःचे डोळे पुसायला लागले.